तीनदा नापास

बिरदेव लवटेनं आठचा आकडा पुरा केला आणि मोटारसायकल माझ्या टेबलासमोर आणून थांबवली. पाय कुठंही टेकला नव्हता. चुन्याच्या रेघेला चाक लागलं नव्हतं. हात दाखवायचा तिथं हात दाखवला होता, मागं बघायचं तिथं मागं बघितलं होतं. त्या दिवशी एकतीस जणांनी चाचणी दिली, पण त्याच्याइतक्या सफाईनं गाडी कुणीच चालवली नाही.

मी त्याच्या कागदावर ‘नापास’ असा शेरा मारला आणि खाली सही केली.

त्यानं गाडी स्टँडला लावली. डोक्याला बांधलेला रुमाल सोडून हातात घेतला आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. तेवीस वर्षांचा, सावळा, उंच पोरगा. ही त्याची तिसरी खेप होती.

“साहेब, माझं काय चुकलं?”

“तुला माहीत आहे,” मी म्हणालो.

“खरंच नाही माहीत. सांगा, म्हणजे सुधारतो.”

“नियमाप्रमाणे आता दोन महिने परत चाचणी देता येणार नाही. पुढचा कोण आहे?”

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग मान हलवली, जणू काही तरी कळलं असावं तशी, आणि गाडी ढकलत मैदानाबाहेर गेला. नापास झालेला माणूस निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत गाडीवर बसून जात नाही, एवढी रीत तो पाळत होता.

ही २००१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी मोटार वाहन निरीक्षक होतो. ऑफिस जिल्ह्याला, पण महिन्यातून एकदा प्रत्येक तालुक्याला आमचं शिबिर लागायचं. या तालुक्याचं नाव मी सांगत नाही. दुष्काळी, मेंढपाळांचा मुलूख. मधून नवा कालवा गेलेला. तिथल्या विश्रामगृहामागच्या मैदानात आम्ही चुन्यानं आठ काढायचो आणि टेबल मांडायचो.

बिरदेवची आई मला भेटली ती मार्चच्या शिबिराच्या दिवशी, त्याच्या पहिल्या चाचणीच्या आधी. सकाळचे साडेआठ झाले असतील. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी चहा घेत होतो. पंचेचाळिशीची एक बाई पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. चपला तिनं खालीच काढून ठेवल्या.

“सायेब, मी सुंदरा लवटे. बिरदेव लवटे म्हनून एक पोरगा येईल आज. माजा ल्योक हाय.”

मला वाटलं, नेहमीचंच. पास करा म्हणणारी माणसं मला रोज भेटायची.

“मावशी, गाडी नीट चालवली तर पास होईल. नाही चालवली तर नाही.”

“नीटच चालवंल त्यो. त्येला नापास करा.”

मी कप खाली ठेवला.

“का?”

तिनं मागं वळून बघितलं. जवळपास कोणी नव्हतं.

“फीट येती त्येला. ल्हानपणी यायची, मग गेली हुती. आता दोन वरसं झाली, परत आलीया. पाटंचं झोपंत येती. दिवसा एकदाच आली, खळ्यावर. मी जवळ हुते म्हनून निभावलं.”

मी आत जाऊन अर्जांचा गठ्ठा आणला आणि त्याचा अर्ज काढला. शिकाऊ लायसन्सच्या वेळी प्रत्येकाला प्रकृतीची एक घोषणा भरून द्यावी लागते. त्यात पहिलाच प्रश्न तो असतो: फेफरं येतं का, किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. पुढं बिरदेवनं सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. खाली सही.

खोटारडा आहे, असं माझ्या मनात आलं.

“नापास करायची गरजच नाही, मावशी. मी त्याला सरकारी डॉक्टरचा दाखला आणायला लावतो. दाखल्यात फीट निघाली की लायसन्स मिळणार नाही. कायद्यानंच मिळणार नाही.”

“दाखला नगं.” ती दोन पायऱ्या वर आली. “कागूद झाला की गावभर हुतंय, सायेब. आमच्यात पोरगी कोन द्यायचं न्हाई त्येला. दूध संघात गाईम्हशी भरवायच्या, गाभण ठिवायच्या कामावर तात्पुरता लागलाय. गावोगाव जावं लागतं, म्हनून लायसन मागत्यात. न्हाई मिळालं तर संघाच्या गोठ्यात दुसरं काम देतील, मी सायबास्नी इचारलंय. पर फेफऱ्याचा कागूद झाला तर त्येबी न्हाई. तुमी नुस्तं नापास करा. दोन-तीनदा झाला की आपला नाद सोडंल.”

माझी एक मावसबहीण होती. तिला फिट्स यायच्या हे गावाला कळलं, आणि ती बाई पन्नाशीपर्यंत भावाच्या घरी भाकऱ्या थापत राहिली. सुंदराबाई बोलत होत्या तेव्हा मला ती दिसत होती. म्हणून असेल, किंवा एवढ्या सकाळी कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं समाधान फुकट मिळत होतं म्हणून असेल, मी म्हणालो, “बरं.”

मार्चला नापास केलं, एप्रिलला केलं, मेला केलं. प्रत्येक वेळी शेऱ्यात काहीबाही लिहिलं: तोल जातो, पाय टेकवतो, इशारा देत नाही. फिटचा शब्द कुठंही लिहिला नाही.

जुलैच्या शिबिराला मी नव्हतो. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मला पुण्याला पाठवलं होतं. माझ्या जागी घोलप म्हणून नवे निरीक्षक गेले. परत आलो तेव्हा ऑफिसात सहीला जाणाऱ्या लायसन्सच्या पुस्तिका माझ्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवलेल्या होत्या. वरून तिसरी बिरदेवची होती. फोटोत त्यानं केसांना तेल लावून भांग पाडला होता.

मी घोलपांना विचारलं, “हा लवटे कसा काय पास झाला?”

“सुरेख चालवतो की गाडी,” घोलप म्हणाले. “तुम्ही तीनदा का उडवलात तेच मला कळेना. काही भानगड आहे का?”

“नाही, भानगड काही नाही,” मी म्हणालो.

ट्रे चार दिवस माझ्या टेबलावर होता. सही करणारे साहेब रजेवर होते. एक चिठ्ठी लावली असती, ‘वैद्यकीय दाखला मागवावा’ एवढे तीन शब्द, तर ती पुस्तिका तिथंच थांबली असती. दुसऱ्या दिवशी मी ती उचललीही. पण चिठ्ठी लावली तर घोलप विचारणार, तुम्हाला कसं कळलं. आणि कळलं होतं तर आधीचे तीन शेरे खोटे का लिहिलेत. मी पुस्तिका परत ठेवली. मी दिलेलं नाही, दुसऱ्यानं दिलंय, असं स्वतःला सांगितलं. पाचव्या दिवशी शिपाई ट्रे घेऊन गेला.

पुढं फेब्रुवारीत त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याचं पत्र आलं. अपघातातल्या वाहनात काही यांत्रिक दोष होता का, हे तपासून आम्हाला अहवाल द्यावा लागतो. पत्रात गाडीचा नंबर आणि जागा एवढंच होतं.

ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांच्या रांगेला ती मोटारसायकल उभी होती. कालव्यातून काढलेली. साखळीत शेवाळ अडकलं होतं, टाकीत पाणी गेलं होतं. मी मागचा ब्रेक बघितला, पुढचा बघितला, केबली ओढून बघितल्या, हँडल फिरवून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

हवालदार मुजावर कागद घेऊन आले.

“ब्रेक कसा आहे, साहेब?”

“चांगला आहे.”

“मला वाटलंच.” ते हलक्या आवाजात बोलू लागले. “अकराची वेळ, सरळ रस्ता. समोरून कोणी नाही. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण नाही. गाडी सरळ जाऊन कालव्यात. हा वाचला, मेंढकऱ्यांनी ओढून काढला. बायको गेली. लग्नाला दोन महिने झालेले. पोरीच्या बापानं फिर्याद दिलीय, मुद्दाम घातली म्हणून. सासू सुनेला गाडीवर बसू देत नव्हती, त्यावरून घरात भांडणं होती, असंही सांगतोय. तुमचा अहवाल आला की खुनाचं कलम लावतो.”

मी कागद हातात घेतला. चालक: बिरदेव तुकाराम लवटे. मयत: रेश्मा बिरदेव लवटे, वय २०.

मी दोन्ही नावं उभ्याउभ्याच पुन्हा वाचली. मुजावर म्हणाले, “ऊन फार आहे, आत बसा.” मी म्हणालो, “नको.”

मी फाटकाबाहेर आलो तेव्हा सुंदराबाई तिथं रस्त्याच्या कडेला बसलेल्या होत्या. मला बघून उठल्या. वर्षभरात त्या बाईचं अर्धं माप झालं होतं.

“सायेब, तुमी येनार म्हनून सांगितलं हवालदारानं. ब्रेक तुटला हुता म्हनून लिवा.”

“तुटलेला नाही.”

“लिवा. ल्योक फासावर जाईल माजा.”

“मावशी, खोटं लिहिता येत नाही.”

त्या माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, “माज्यासाठी तीनदा लिवलंय तुमी.”

 रस्त्यावरून एक जीप गेली. तिची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

“हे बघा,” मी शेवटी म्हणालो, “त्याला फीट आली असणार. तेच पोलिसांना सांगायला हवं. खून नाही, आजार आहे, असं सांगितलं तर तो वाचेल. तो स्वतः का सांगत नाही? अजून लपवतोय? अर्जात धडधडीत खोटं लिहिलं, लायसन्स मिळवलं, आणि आता बायको गेली तरी—”

“त्यानं न्हाई खोटं लिवलं.”

“मी वाचलंय. ‘नाही’ असं लिहिलंय त्यानं.”

“त्येला ठावंच न्हाई, सायेब.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी परत विचारलं.

“ल्हानपणी यायची त्येची त्येला याद न्हाई. आता झोपंत येती, मग पडून ऱ्हातो, उठल्यावर अंग दुखतं म्हनतो. मी सांगते, दात खातोस झोपंत, जीब चावतोस. खळ्यावर पडला तवा ऊन लागलं म्हनून सांगितलं. गोळ्या ताकदीच्या म्हनून देत हुते. पोरानं हाय खाल्ली असती.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “सुनंला बसू देत न्हवते मी गाडीवर. कुटंबी जायचं झालं की मीच बसायची मागं. फीट यायच्या आदी त्येचा डावा खांदा उडतो, मला कळतं. त्या दिशी मी मयताला गेलते भैनीच्या गावी. घरात कोन न्हवतं आडवायला.”

मला मे महिन्यातलं ते मैदान आठवलं. सांगा, म्हणजे सुधारतो, असं म्हणाला होता तो. खरोखर विचारत होता. आणि मी त्याला लबाड समजून उत्तर दिलं होतं.

“चला,” मी सुंदराबाईंना म्हणालो. “दवाखान्यात जाऊ.”

“त्येला सांगनार?”

“हो.”

“नगं सायेब.”

“तुम्ही सांगता का मी सांगू?”

त्या माझ्या मागून चालत आल्या. 

ग्रामीण रुग्णालयाच्या पुरुष कक्षात बिरदेव कोपऱ्यातल्या खाटेवर होता. डावा पाय प्लास्टरमध्ये, दाराशी एक पोलीस शिपाई. मी ओळख सांगितल्यावर त्यानं आत सोडलं. बिरदेवनं मला ओळखलं. हातांवर जोर देऊन उठायला लागला.

“पडून राहा.”

“साहेब, गाडी तुम्ही बघितली?”

“बघितली.”

“ब्रेक होता?”

“होता. चांगला होता.”

त्यानं डोळे मिटले. 

“मग मी दाबला का नाही?” तो म्हणाला. “रेश्मा बोलत होती मागून. बाजारातून घागर घ्यायची, स्टीलची घ्यायची का पितळेची, असं काहीतरी. मी म्हणालो पितळेची. एवढं आठवतं. मग एकदम काठावरची माणसं दिसली, माझ्या अंगावर पाणी. मधलं काही आठवत नाही. सगळे विचारतात का घातलीस, का घातलीस. मी काय सांगू?”

सुंदराबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“बिरदेव,” मी म्हणालो, “तुला फीट येते. फेफरं. दोन वर्षं, तीन वर्षं झाली. झोपेत येते म्हणून तुला कळत नाही. गाडीवर तेच झालं. तू घातली नाहीस गाडी.”

तो माझ्याकडं बघत राहिला. नंतर आईकडं.

“आये?”

त्यांनी नुसती मान हलवली.

 शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

“रेश्मा विचारायची,” मग तो म्हणाला. “उशीला रक्त कसलं म्हणून. मी म्हणायचो जीभ चावतो मी, लहानपणापासनं सवय आहे. तिनं तुला पण विचारलं होतं आये, माझ्यासमोर. तू म्हणालीस, ह्यांच्या घराण्यातच हाय.”

सुंदराबाईंनी खाटेच्या दांडीला हात लावला.

“मी बाहेर बसते,” त्या म्हणाल्या.

“बस,” तो म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं मला विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“तुझ्या पहिल्या चाचणीपासून.”

“म्हणून नापास करत होता?”

“हो.”

“मला वाटलं पैसे पाहिजेत तुम्हाला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुला माहीत आहे म्हणाला होता ना. मी आपला तोच अर्थ घेतला. जुलैत तीनशे रुपये घेऊन आलो होतो. तुम्ही नव्हता, दुसरे साहेब होते. त्यांनी काही घेतलं नाही. घरी जाऊन सांगितलं मी, सगळेच तसले नसतात.”

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. मी उठलो.

अहवालात मी वाहनात दोष नाही असं लिहिलं, आणि स्वतंत्र कागदावर मला जे माहीत होतं ते लिहून ठाण्यात दिलं. पोलिसांनी बिरदेवला मोठ्या दवाखान्यात नेऊन मेंदूचा आलेख काढला. खुनाचं कलम लागलं नाही. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा खटला मात्र राहिला, कारण पोरीच्या बापानं आग्रह धरला होता. तीन खोट्या शेऱ्यांबद्दल माझी चौकशी झाली आणि दोन वेतनवाढी थांबल्या. बिरदेव मामाकडं राहायला गेला. मेंढरं राखतो, आईशी बोलत नाही, एवढं कानावर आलं.

दीड वर्षानं साक्षीला मला तालुक्याच्या कोर्टात बोलावलं. व्हरांड्यातल्या बाकावर मी बसलो होतो. पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ येऊन शेजारी बसला. हातात कापडी पिशवी.

“मी नामदेव गडदे,” ते म्हणाले. “रेश्माचा बाप.”

मी उठायला लागलो. त्यांनी हातानंच बसा म्हटलं.

“एक इचारायचं हुतं. तुमास्नी कळलं कवा?”

“लग्नाच्या आधी. मार्चमध्ये.”

ते बोटांवर मोजू लागले.

“पाडव्याला आमी पोरगा बघिटला. पसंत हुता. पर नोकरी तात्पुरती हुती, म्हनून थांबलो. संघाचा सायेब म्हनाला, लायसन आलं की पक्का करतो. ऑगस्टात लायसन आलं. त्ये दावायला पोरगा सोता आमच्या घरी आला. म्या हातात घिऊन बघिटलं. सरकारचा शिक्का हुता. मग सुपारी फोडली.” ते थांबले. “जुलै-ऑगस्टात तुमी न्हवता म्हनं हितं.”

चौकशीत मी तेवढंच सांगितलं होतं, की शिबिराच्या दिवशी मी प्रशिक्षणाला होतो. बाकीचं कुणाला माहीत नव्हतं.

“परत आलो होतो,” मी म्हणालो. “लायसन्स तेव्हा ऑफिसातच होतं. चार दिवस माझ्या टेबलावर होतं. मी हातात घेतलं आणि परत ठेवलं.”

गडदे माझ्याकडं बघत राहिले.  शिपायानं दारातून माझं नाव पुकारलं.

“जावा,” ते म्हणाले. “बोलवत्यात.”

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी गाडीबद्दल विचारलं, ब्रेकबद्दल विचारलं, अहवालावरची सही माझी का ते विचारलं. आरोपीच्या वकिलांनी आजाराबद्दल विचारलं. बिरदेव समोर बाकावर बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. त्यानं एकदाही वर बघितलं नाही. गडदे दाराशी येऊन उभे राहिले होते.

त्या चार दिवसांबद्दल कोणीच विचारलं नाही. साक्ष संपली असं न्यायाधीश म्हणाले, तेव्हा मी म्हणालो, “साहेब, मला आणखी सांगायचंय.” आणि सांगितलं. ट्रे, पुस्तिका, घोलपांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं.

टंकलेखकानं हात थांबवून न्यायाधीशांकडं बघितलं.

ते क्षणभर विचार करून म्हणाले, “याचा या प्रकरणाशी संबंध नाही. हे घेऊ नका.”

टंकलेखकानं कागद ओढून काढला आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवला. मी सही केली. वळून बघितलं तेव्हा गडदे दारातून निघून जात होते.